राजाच्या माणसाची बाजू

ते पुस्तक मी परत दिलं नाही, हे आधीच सांगून टाकते. सरांच्या घरच्यांनी सर गेल्यावर दोनदा निरोप पाठवला. इतकं जुनं पुस्तक आहे, एखाद्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवू, खाली वडिलांच्या नावाची पाटी लावू, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हणाले. आता वय झालं, आता तरी हिला थोडं अवघडल्यासारखं होत असेल असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही होत नाही. पुस्तक माझ्या कपाटात आहे आणि तिथंच राहणार आहे. काचेत ठेवलं की ते कुणी मोठ्यानं वाचणार नाही, आणि ते मोठ्यानंच वाचायचं पुस्तक आहे.

तसं बघायला गेलं तर त्यात गोष्ट वगैरे काही नाही. जाडजूड, तपकिरी कातड्याच्या बांधणीचं, पाठीवरची सोनेरी अक्षरं अर्धी उडालेली. भाषा फ्रेंच, तीही तीनशे वर्षांपूर्वीची. फ्रान्सच्या एका राजाच्या मनात आलं की प्रत्येक प्रांताची वेगळी रीत, प्रत्येक कोर्टाचा वेगळा हिशेब, हे आता पुरे झालं. सगळ्या राज्याला एकच नियम पाहिजे. त्यानं आपल्या विश्वासातल्या माणसांकडून मसुदा करून घेतला, मोठमोठ्या न्यायाधीशांना बोलावलं आणि सांगितलं, एकेक कलम वाचा आणि काय म्हणायचं ते म्हणा. ते जे बोलले ते कुणीतरी लिहून ठेवलं आणि पुढं ते छापलं गेलं. आरोपीला शपथ घालायची की नाही, आरोपीला वकील द्यायचा की नाही, यावर शिकलेली, वयस्क माणसं पानंच्या पानं भांडतात. मला विचाराल तर एवढं रंगतदार वाचन मी दुसरं केलेलं नाही.

आमच्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, ते कसं आलं त्याची हकिकत साधी आहे. निजामाच्या राज्यात पॅरिसला शिकून आलेले एक न्यायाधीश हैदराबादेहून इथं बदलून आले होते. माझ्या सरांचे वडील त्यांचे पेशकार, म्हणजे कोर्टात न्यायाधीशांपुढं कागद ठेवणारे कारकून. राज्य गेलं, न्यायाधीशही गेले, जाताना पुस्तकं वाटून गेले. कामाची होती ती शहाण्यांनी उचलली. हे कुणालाच वाचता येईना, म्हणून ते पेशकारांच्या वाट्याला आलं.

सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकले ते. घराणं भिक्षुकी आणि कारकुनीचं, पण त्या काळी इथं शाळा उर्दू, कोर्ट उर्दू, त्यामुळं सरांची उर्दू मराठीपेक्षा चोख. त्या न्यायाधीशांनी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं उर्दूत टिपणं केली होती. सरांनी तीस वर्षं ती टिपणंच वाचली. मजकूर कळत नव्हता, फक्त मजकुरावर कुणीतरी काढलेला राग कळत होता. ‘साफ झूट’, ‘वाह’, ‘हे त्याला कुणी सांगितलं?’ अशी ती टिपणं. दावा न वाचता नुसता जबाब वाचत बसलेला वकील मी तेवढा एकच पाहिला.

मी खुलताबादची. घाट उतरला की वेरूळ. विद्यापीठात शिकताना मी फ्रेंचचा वर्ग केला आणि हिवाळ्यात परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवायला लागले. माझं फ्रेंच लेण्यांपुरतंच. हा हत्ती, ही नदी, इथं पूर्वी रंग होता, पायरी तुटलेली आहे, डोकं सांभाळा. मग कायद्याची पदवी घेतली आणि ज्युनिअर म्हणून घ्या म्हणत वकिलांची ऑफिसं पालथी घातली. सगळीकडं एकच उत्तर, मुलींना बसायला जागा नाही. पुरुषांना बसायला जागा होती, फक्त मुलींना नव्हती. शेवटी गुलमंडीच्या मागच्या गल्लीत सरांकडं गेले. त्यांनी मार्क विचारले नाहीत की लग्नाचं विचारलं नाही.

“फ्रेंच येतं म्हणे?” एवढंच विचारलं, आणि ते पुस्तक पुढं ढकललं. “वाचून दाखव.”

मी एक पान वाचलं. जुनी छपाई, अर्धी अक्षरं ओळखू येत नव्हती.

“काय कळलं?”

“डोकं सांभाळा, एवढं कळलं.”

सर खो खो हसले आणि मुन्शीजींना खुर्ची आणायला सांगितलं. मुन्शीजी म्हणजे सरांचे जुने कारकून, सरांपेक्षाही चार वर्षांनी मोठे. अशी मी वकील झाले.

दर रविवारी सकाळी आम्ही ते पुस्तक वाचायचो. मी शब्दकोश घेऊन आधी तयारी करायची, फ्रेंच मोठ्यानं वाचायचं, मराठीत सांगायचं. सर समासातली उर्दू वाचायचे. आणि मग आम्ही दोघं तो वाद पुन्हा घालायचो. वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. पुस्तकात एक म्हातारे मुख्य न्यायाधीश आहेत, ते आरोपीची बाजू घेतात. ती सरांची. दुसरा राजाचा माणूस, मसुदा बहुतेक त्याच्याच हातचा, हुशार, कोरडा, कधी आवाज न चढवणारा. तो माझा. नियम एकच, पुस्तकात नाही ते बोलायचं नाही.

मी ती बाजू चांगली मांडायचे, उगाच नम्रता कशाला. राजाच्या माणसाचं म्हणणं असं की, गुन्हा केला की नाही हे आरोपीला स्वतःला ठाऊक असतं, त्याला वकील कशाला? वकील आला की तो पळवाटा शिकवणार. खटले लांबणार. पैसेवाले सुटणार. आणि न्यायाधीश बसलेला आहे ना समोर? आरोपीच्या भल्याचं काही असेल तर तो बघेलच. सर मग उसळून म्हाताऱ्या न्यायाधीशांची बाजू लावायचे. बंद खोलीत एकटा माणूस, समोर कायदा कोळून प्यालेला अधिकारी, आणि याला आपल्याला काय विचारलं जातंय हेही नीट कळत नाही. दहा गुन्हेगार वकिलामुळं सुटले तरी चालतील, पण एक निरपराध वकील नाही म्हणून मेला तर त्याचं पाप कुणाच्या माथी? बोलता बोलता सर टेबलावर हात आपटायचे, दौत हलायची.

पण पुस्तकात म्हातारे न्यायाधीश हरतात. राजाच्या माणसाला हवं होतं तसंच कलम झालं, आणि पुढं शंभरावर वर्षं तिकडं मोठ्या गुन्ह्यातला आरोपी एकटाच उभा राहिला. हे सरांना कधीच पचलं नाही. दर वेळी त्या पानाशी आलो की त्यांचा चेहरा पडायचा. चहा घेऊन आलेले मुन्शीजी विचारायचे, “क्या साब, आज बी हार गये क्या?”

मला वाटायचं, सर म्हणजे तेच म्हातारे न्यायाधीश. मी त्या माणसावर आंधळा विश्वास टाकला होता.

मग ती पाठोपाठची कोरडी वर्षं आली. पाऊस तोंड दाखवायचा आणि जायचा. आणि नेमकं त्याच वर्षांत शहर चहूकडं पसरायला लागलं. कारखाने आले, कारखान्यांमागं माणसं आली, माणसांमागं प्लॉटवाले आले. दौलताबादच्या रस्त्यानं पडेगावकडं जाताना जिथं मी ज्वारी बघितली होती, तिथं चुन्याच्या रेषा आणि कॉलन्यांच्या कमानी दिसायला लागल्या. घरं उठत होती, पाणी मात्र होतं तेवढंच, किंबहुना कमीच. नळाला कधी येईल हे सांगण्याची कुणाची छाती नव्हती. टँकर दिसला की लोक हातातलं काम टाकून धावायचे.

पडेगावात अशाच एका नव्या कॉलनीला लागून एक वस्ती होती. दुष्काळी गावांतून आलेली माणसं, त्यांनीच ती कॉलनी बांधलेली. एके दिवशी वस्तीसाठी निघालेला टँकर कॉलनीच्या कमानीतून आत वळला. वस्तीतल्या बायका त्याच्यापुढं रस्त्यात बसल्या. कॉलनीत राहणारे एक वकील गर्दी हटवायला बाहेर आले. बोलाचाली झाली, ढकलाढकली झाली आणि एका बाईच्या हातातला हंडा त्यांच्या कपाळावर बसला. टाके पडले. पोलिसांनी बाईला उचललं आणि जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम लावलं.

दुसऱ्याच दिवशी आमच्या बाररूममध्ये सभा भरली. विषय एकच, त्या बाईचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असा ठराव. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, वकिलांमध्ये ही खोड जुनी आहे आणि अजून गेलेली नाही. आपल्यातल्या कुणाला लागलं किंवा गावाला एखाद्या गुन्ह्याचा फार संताप आला की ठराव करायचा, आरोपीसाठी कुणी उभं राहायचं नाही. ज्यांचं कामच उभं राहणं, तेच एकमुखानं खाली बसतात.

सर बारचे, म्हणजे वकील संघाचे, अध्यक्ष. मी मागच्या बाकावर निर्धास्त बसले होते. म्हटलं, आता हे उठतील, टेबलावर हात आपटतील आणि सगळ्यांची तोंडं बंद करतील. सर उठले. शांत आवाजात म्हणाले, “घटना भर दिवसा घडली, साक्षीदार पुष्कळ आहेत. अशा मुलजिमासाठी वकील उभा राहून काय करणार? पळवाटा शिकवणार, तारखा वाढवणार. आणि कोर्ट बसलेलं आहे ना. तिच्या भल्याचं काही असेल तर न्यायाधीश बघतील.”

ही माझी वाक्यं होती. कित्येक रविवार त्या माणसासमोर बसून मी हीच वाक्यं म्हटली होती आणि त्यांनी ती कुठल्या कुठं उडवून लावली होती. आता तेच ती म्हणत होते, माझ्याच कोरड्या आवाजात, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

मी उभी राहिले. “सर, हे तर राजाच्या माणसाचं बोलणं झालं.”

कुणाला काही कळलं नाही. कोण राजा, कुणाचा माणूस, म्हणत मागून कुणीतरी हसलं. सरांना मात्र कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला तो मी बघितला. मग ते म्हणाले, “बैस खाली.” ठराव मंजूर झाला आणि टाइप करून, खळ लावून व्हरांड्यातल्या फळ्यावर चिकटवला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मी विषय काढला. सर म्हणाले, “पुस्तक वेगळं, धंदा वेगळा. आपला माणूस रक्तबंबाळ होऊन आला. उद्या तुझ्या डोक्यात कुणी हंडा घातला तर या बारनं काय करावं असं तुझं म्हणणं आहे?”

“माझ्यासाठी वकील उभा करावा, आणि तिच्यासाठीही.”

“पोरखेळ आहे हा?”

“मग रविवारी आपण काय करत होतो सर, पत्ते खेळत होतो?”

सरांना राग आला की ते एकदम हळू बोलायचे. तसंच हळू म्हणाले, “तिचं वकीलपत्र घेतलंस तर या ऑफिसची पायरी चढायची नाही.” मी माझा डबा उचलला, पेन उचललं आणि निघाले. पुस्तक तेव्हा माझ्या खोलीवर होतं, कारण मी मराठी तर्जुमा नीट उतरवून काढत होते. ते परत करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की ती बाई हर्सूलच्या जेलात आहे आणि तिला कुणी नाही. खरं तर रस्त्यावर आल्यावर मी घाबरले होते. जागा गेली होती, दुसरी मिळणार नव्हती. पण रागानं भीतीला पुढं येऊच दिलं नाही.

जेलात ती माझ्यासमोर येऊन बसली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, नजर सरळ. मी पोलिसांचे कागद नकलून नेले होते. त्यात लिहिलं होतं, आरोपीनं पाण्यानं भरलेला हंडा फिर्यादीच्या डोक्यात जिवे मारण्याच्या इराद्यानं घातला.

“मावशी, मारलं का तुम्ही?”

“व्हय, मारलं की. त्यानं मला ढकललं, म्या हंडा फिरवला.”

“भरलेला हंडा?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझी पदवी लपवावीशी वाटली. “बाई, हंडा भरल्याला आसता तर म्या त्याच्या डोक्यात घातला आसता का? घरी नेला नसता?”

मी इतक्या मोठ्यानं हसले की पहाऱ्यावरची बाई आत डोकावली. मग मी विचारलं, “हे तुम्ही पोलिसांना सांगितलं? कोर्टात सांगितलं?”

“कुनी इचारलंच नाय,” ती म्हणाली. “वकील हाये का म्हनले, म्या नाय म्हनलं. मंग कागदावर आंगठा घेतला.”

मी तिचा अंगठा वकीलपत्रावर घेतला. जेलच्या पायऱ्या उतरताना मला पुस्तकातलं ते पान लख्ख दिसत होतं. बंद खोली, एकटा माणूस, समोर अधिकारी. मी आजवर त्या पानावर चुकीच्या बाजूनं भांडत आले होते.

जामिनाच्या दिवशी सेशन कोर्टात काळ्या कोटांची ही गर्दी. माझं नाव पुकारल्यावर मागून कुजबुज, मग खोकले, मग कुणीतरी बाक ओढला. कपाळावर पट्टी लावलेले वकील पहिल्या रांगेत बसले होते. मी न्यायाधीशांना एकच गोष्ट विचारली. फिर्याद म्हणते, टँकर वस्तीत थांबला नाही म्हणून भांडण झालं. टँकरवाल्याचा जबाब म्हणतो, तोटी उघडलीच नव्हती, एक थेंब पाणी कुणाला दिलं नव्हतं. वस्तीत पाणी नव्हतं म्हणूनच तर बायका रस्त्यात बसल्या. मग भरलेला हंडा आला कुठून?

न्यायाधीशांनी कागद पुन्हा वाचले. सरकारी वकिलांकडं बघितलं. सरकारी वकील पानं उलटत राहिले. मागचे खोकले आपोआप थांबले. मी म्हणाले, जर्मनचा रिकामा हंडा होता साहेब, पातळ पत्र्याचा. त्यानं टाके पडतात, माणूस मारायला निघालेली बाई तो निवडत नाही.

जामीन झाला. पुढं खटला बराच रेंगाळला आणि शेवटी ती सुटली, तेही इथंच सांगून ठेवते, कारण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

ठराव मोडला म्हणून मला बाररूम बंद झाली. मी कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली घडीचं टेबल टाकलं. चहावाल्यालाही कुणीतरी दम दिला असावा, माझ्याकडं चहा यायचा थांबला. मी घरून थर्मास आणायला लागले आणि मुद्दाम व्हरांड्याकडं तोंड करून प्यायले. पक्षकार सुरुवातीला लांबूनच बघायचे. मग हळूहळू असे लोक यायला लागले ज्यांना दुसरं कुणी घेत नव्हतं. त्यांची या शहरात काही कमी नव्हती.

आणि मग मुन्शीजी आले. “बाई, साब किताब मंगारे.”

मी म्हटलं, “सरांना सांगा, वाचन अर्धवट राहिलंय. स्वतः या, इथं बसून ते कलम पूर्ण करा आणि घेऊन जा.”

मुन्शीजी गेले आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. “तुमे दोनो बी जिद्दी. मेरे पावां का कोई सोचताच नै.” मी त्यांना थर्मासमधला चहा द्यायचे, ते तो मजेत प्यायचे आणि निरोप पोचवायचे. एकदा निरोप आला की सर चोरीची फिर्याद करतील. मी उलट निरोप धाडला, खुशाल करा, फक्त मला वकील मिळेल का तेवढं फळ्यावरच्या ठरावात बघून सांगा. मुन्शीजी हे ऐकून कपाळाला हात लावून बसले. “ये मैं नै बोलूंगा साब को,” म्हणाले. पण बोलले असणार.

मी रोज ते पुस्तक पिशवीत घालून कोर्टात न्यायचे. एवढं जड पुस्तक रोज कशाला, असं कुणी विचारलं असतं तर मी काही सांगितलं नसतं. सर येतील असं मला वाटत होतं. त्यांच्यावर मी चिडले होते आणि त्यांची मला आठवणही यायची. रविवार सकाळ फार मोठी वाटायची.

खटल्याच्या एका तारखेला ती बाई पडेगावहून चालत आली. येताना रिकामा हंडा घेऊनच यायची, परतताना वाटेत कुठं टँकर लागला तर असावा म्हणून. हंडा बाकाखाली ठेवून ती माझ्याशेजारी बसली. दुपारची सुट्टी झाली होती, आमची पुकार व्हायची होती. तेवढ्यात सर व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून सरळ आमच्या झाडाकडं चालत आले. भर उन्हात, काळा कोट घालून. व्हरांड्यात डबे खात बसलेले एकेक जण उठून कठड्याशी आले.

सर पक्षकारांच्या बाकावर बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, “काढ.”

मी पुस्तक काढलं, पान उघडलं. फ्रेंच वाचलं, मराठीत सांगितलं, आणि सवयीनं राजाच्या माणसाची बाजू सुरू केली. सरांनी हात वर केला.

“तो माझा.”

मी थांबले. सर उभे राहिले आणि मोठ्या आवाजात बोलायला लागले. आरोपीला ठाऊक असतं त्यानं काय केलं. वकील पळवाटा शिकवणार. तारखा वाढणार. न्यायाधीश बसलेला आहे, तिच्या भल्याचं तो बघेल. सभेत बोलले होते तेच, तसंच, शब्दही फारसे इकडचे तिकडं नाहीत. कठड्यावरच्या मंडळींनी ते आधी ऐकलेलं होतं. कुणी हसलं नाही. माझ्याशेजारची बाई तोंडाला पदर लावून ऐकत होती.

मग माझी पाळी. मी म्हाताऱ्या न्यायाधीशांचं जे काही होतं ते बोलले, आणि शेवटी म्हणाले, “हंडा रिकामा होता.”

“हे पुस्तकात नाही,” सर म्हणाले. “नियम आहे आपला.”

“नाही पुस्तकात. कारण तिथं विचारायला कुणी ठेवलंच नव्हतं. सर, हिलाही कुणी विचारलं नव्हतं. तुम्हीच सांगितलं होतंत, कुणी विचारायला जाऊ नका.”

सर खाली बसले, कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि त्या बाईपुढं ठेवला. नवं वकीलपत्र. खाली त्यांची सही आधीच केलेली. आम्हा दोघांचं मिळून, माझ्यासोबत सर. ज्यांनी ठराव केला तेच तो सगळ्यांदेखत मोडायला आले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. शाईचा पॅड मी टेबलावरून पुढं सरकवला. मला वाटलं, जिंकले.

बाईनं अंगठा पुढं केला नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, “हेच का ते? कुनी हुबं राहू नगा म्हनणारे?”

“व्हय,” मी म्हणाले.

तिनं सरांकडं नीट बघितलं. आवाज चढवला नाही. “सायेब, मला हाये वकील. एक पुरे.”

सरांचा हात कागदावर तसाच होता. एवढा मोठा वकील, आजवर लोक त्यांच्या दारात बसून राहायचे. मी मध्ये पडले नाही. हे तिचं होतं, माझं नव्हतं, सरांचंही नव्हतं.

सरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. मग तिला विचारलं, आणि मी त्यांना कुठल्याही पक्षकाराला असं विचारताना कधी ऐकलं नव्हतं, “मग मी काय करू, बाई?”

तिनं हनुवटीनं व्हरांड्याकडं दाखवलं. “त्यो कागुद काढा. दर तारखेला त्याच्याखालनं जावं लागतं. वाचता येत नाय, पर माझाच हाये ते म्हाईत हाये मला.”

सर उठले. पुस्तकाकडं त्यांनी बघितलंही नाही. पायऱ्या चढून फळ्यापाशी गेले, मंडळी आपोआप बाजूला झाली. त्यांनी कागद धरून ओढला. खळ जुनी, घट्ट झालेली. वरचा अर्धा फाटून हातात आला आणि बाकीचा फळ्यालाच राहिला. सर तो नखानं खरवडायला लागले. मुन्शीजी कुठूनतरी ओलं फडकं घेऊन धावले, सरांनी त्यांना मानेनंच नको म्हटलं आणि नखानंच खरवडत राहिले.

आमच्या खटल्याची पुकार झाली. मी पुस्तक पिशवीत टाकलं, तिनं हंडा कडेवर घेतला, आणि आम्ही दोघी त्यांच्या पाठीमागून आत गेलो.